बॅटरीचं गोत्र

समस्त नागरिकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येत आहे की, आपल्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील गॅलरी, जिना व टोकाचे संडास यांना प्रकाश पुरवणारी बॅटरी आज गुरुवारी ऐन दिवेलागणीला मौन पावली आहे. तरी सर्वांनी कठडा धरून चालावे व कोणीही शोक आवरू नये.

ही घोषणा मी गॅलरीच्या मधोमध उभा राहून केली. पूर्वी मंडळाच्या माईकवरून हरवलेल्या मुलांची नावं पुकारायचो, अगदी तोच आवाज लावला. समस्त नागरिक म्हणजे दोघे. एक मी आणि दुसऱ्या काकी. माझ्या खोलीपासून चार दारं सोडून त्या राहतात. मधल्या चारही दारांना कुलपं आहेत आणि पलीकडच्या सगळ्या दारांनाही. घोषणा संपली तेव्हा एक कबुतर उडालं आणि काकींच्या दारातून आवाज आला, "काय झालां रे झिला? खंयची मयत?"

"बॅटरीची, काकी."

"मगे वरडतंस कित्याक? ये, चाय घे."

मी पन्नाशी ओलांडली आहे, डोक्यावरचं छप्पर विरळ झालं आहे, तरी काकींच्या लेखी मी झिलाच, म्हणजे पोरगाच. सख्खं नातं काही नाही. माझी आई आणि त्या एकाच नळावर भांडल्या आणि एकाच फळीवर वाळवणं घातली, एवढंच. आई गेली त्या वर्षापासून काकी संध्याकाळी मला एकच प्रश्न विचारतात, "जेवलंस?" उत्तर काहीही दिलं तरी ताट येतं.

आता अंधाराबद्दल सांगतो. तो नुसता अंधार असता तर मी त्याच्यावर एखादं स्वगत म्हणून झोपून गेलो असतो.

आमची चाळ लालबागची, आणि लालबागच्या इतर चाळींसारखीच ती आता पाडायची आहे. खोल्या सोडायची मुदत अजून यायची आहे, पण ज्यांची सोय झाली ते भाड्याचे पैसे घेऊन बदलापूर, विरार, डोंबिवलीला आधीच गेले. एकेक बिऱ्हाड जाताना मी खाली टेम्पोपर्यंत पोचवायला जायचो आणि टेम्पोवाल्यालाही एक किस्सा ऐकवायचो. मग एक दिवस सामायिक मीटर बंद झाला. खोल्यांमध्ये वीज होती, पण गॅलरी आणि जिना काळाठिक्कर. तेव्हा मंडळाच्या मुलांनी, म्हणजे पोटं सुटलेल्या माझ्याच वयाच्या मुलांनी, जाता जाता एक चांगलं काम केलं. गच्चीवर सोलरचं एक पॅनेल ठोकलं, गॅलरीतल्या जुन्या जाळीच्या कपाटात, जिथे कधीकाळी कुणाचं तरी दूध मांजरापासून लपवलं जायचं, एक निळी लिथियमची बॅटरी बसवली आणि जिन्यापासून संडासापर्यंत तीन दिवे लावून दिले. "जाताना काहीतरी मागे ठेवून जावं रे," त्यांतला एक म्हणाला आणि गेला.

दिव्याला आमच्याकडे पाळी असते. म्हणजे चाळीत पिवळे बल्ब होते तेव्हापासूनची ही रीत. एक लाकडी पाटी आहे, तिच्यावर रंगाने 'दिव्याची पाळी' असं लिहिलेलं आहे. ती ज्याच्या दारावर त्याने त्या आठवड्यात संध्याकाळी बटण लावायचं, सकाळी बंद करायचं, बल्ब गेला तर बदलायचा. रविवारी दिवेलागणीला पाटी पुढच्या दारावर. लहानपणी पाटी आमच्या दारावर आली की मला राज्याभिषेक झाल्यासारखं वाटायचं, आणि पुन्हा पाळी यायला महिने लागायचे. आता ती पाटी माझ्या दारावरून काकींच्या आणि काकींच्या दारावरून माझ्या, अशी टेनिसच्या चेंडूसारखी फिरते.

आणि काकींचा मुलगा. हा माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गातला. माझ्या बोलिंगवर त्याने फोडलेली काच आम्ही दोघांनी मिळून नाकारली होती. माणूस सोन्यासारखा. बदलापूरला दोन बेडरूमचं घर, लिफ्ट, आईसाठी खिडकीजवळची खोली. गेल्या पावसाळ्यात काकी जिन्यात घसरल्या, मनगट सुजलं, तेव्हापासून तो मागे लागला आहे. दिवाळीला आठ दिवस तिला घेऊन गेला. परत सोडायला आला तेव्हा माझ्यासमोर म्हणाला, "आई, एक ठरवू. ज्या दिवशी मी येईन आणि गॅलरीत अंधार असेल, त्या दिवशी मी विचारणार नाही. बॅग भरायची." काकी म्हणाल्या, "बरां." मीही मान डोलावली. काय करणार, रास्त होतं त्याचं. म्हाताऱ्या बाईने अंधारात त्या टोकापर्यंत जायचं म्हणजे थट्टा नव्हे.

तो येणार होता रविवारी.

काकी गेल्या तर जिवंत दार या मजल्यावर एकच उरणार होतं, माझं. दिवाळीचे ते आठ दिवस मला आठवत होते. माझी नोकरी गिरगावात, नाटकांना आणि शाळांच्या गॅदरिंगला कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानात. मावळे, पऱ्या, कोळी-कोळीण, वाघ, शिवाय हल्ली भाज्या फार चालतात. दिवसभर असं काही ना काही घडतं की ते पोटात ठेवून झोपणं अशक्य. एक आई परीचे पंख परत करायला आली आणि म्हणाली, मुलगी काढायला तयार नाही, तुम्ही जरा रागवा. आता हे घरी येऊन सांगायचं कुणाला? एरवी मी काकींच्या उंबऱ्यावर बसतो आणि सांगतो. त्या तांदूळ निवडत असतात, वाती वळत असतात, माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. मध्येच "हूं" म्हणतात. मध्येच "पुरे झालां, कान किटले" म्हणतात. मी म्हणतो, अजून शेवट राहिलाय. त्या म्हणतात, "मगे संपय एकदाचो."

त्या बदलापूरला होत्या तेव्हा मी वांग्याचा पोशाख शिवायला घरी आणला होता. देठ उसवला होता. रात्री जेवल्यावर देठ शिवता शिवता माझ्या लक्षात आलं की मी वांग्याला परीच्या पंखांची गोष्ट सांगतोय, हातवाऱ्यांसकट. वांग्याने शेवटपर्यंत ऐकलं. पण हुंकार दिला नाही. सांगणाऱ्याला टाळी नसली तरी चालते हो, हुंकार लागतो. मी दिवा मालवला आणि वांग्याचं तोंड भिंतीकडे केलं.

तर, बॅटरी.

शुक्रवारी सकाळी मी मंडळाच्या पोटमाळ्यावरून जुना चार्जर काढला. विसर्जनाच्या गाडीवर कर्ण्यासाठी अ‍ॅसिडची बॅटरी असायची, तिचा हा चार्जर. अंगाने पैलवान, आवाजाने भुंगा. लाल चिमटा लालला, काळा काळ्याला, आणि बटण दाबलं. त्याचा दिवा एकदा लुकलुकला, दोनदा लुकलुकला आणि विझला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. जणू चार्जर म्हणत होता, इथे कुणी राहत नाही.

काकी मागे उभ्या होत्या. "पाणी घाल तिच्यात. इन्वर्टरात घालतत."

"हिच्यात पाणी नसतं काकी, ही वेगळी."

"मगे वेगळो चार्जर हाड."

एवढं साधं होतं. मी दुकानातून दुपारची सुट्टी घेतली आणि लॅमिंग्टन रोडला गेलो. गिरगावातून चालत दहा पावलांवर, असं मी गेली तीस वर्षं सांगत आलोय. पावलं मोजलेली नाहीत. तिथे एका अरुंद दुकानात, वायरींच्या वेटोळ्यांमध्ये, एक गृहस्थ डबा खात बसले होते.

"चार्जर पायजे. सोलरच्या बॅटरीला."

"सोलर पॅनेल असतं. बॅटरी कुठली?"

"लिथियम."

"उसमें भी दो-तीन टाइप आहेत. व्होल्ट किती? किती अँपिअर-अवर?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "निळी आहे."

त्यांनी घास खाली ठेवला. "साहेब, रंगावरून साडी घेतात. हिंदमाताला जा." मग दया आली असावी. फडताळातून एक काळा डबा काढून पुढे सरकवला. "ये ले जाव. सगळ्याला चालतो."

आता मी कपडे भाड्याने देण्याच्या धंद्यात उभं आयुष्य काढलंय. 'सगळ्यांना बसतो' असं आम्ही ज्या पोशाखाबद्दल सांगतो तो कुणालाच बसत नाही, हे मला पक्कं ठाऊक. मावळ्याची सुरवार घसरली तर फार तर हशा होतो. इथे मला हशा नको होता. मी नमस्कार केला आणि परत निघालो, मापं घेऊन येतो म्हणून.

संध्याकाळी कपाटासमोर आम्ही दोघं उकिडवे बसलो. काकींच्या हातात टॉर्च, माझ्या नाकावर चष्मा. बॅटरीच्या कुशीवर एक चिठ्ठी डकवलेली होती, बारीक इंग्रजी अक्षरांत. मी एकेक ओळ वाचायचो आणि फोनवर तिचा अर्थ शोधायचो.

"काय लिवला हा?"

"पत्रिका आहे काकी. हिच्यासाठी स्थळ बघायचंय."

काकी खुलल्या. चाळीतली निम्मी लग्नं त्यांनी जुळवली आहेत. माझं जुळवताना मात्र त्यांना दोनदा अपयश आलं. दोन्ही वेळा मुलगी म्हणाली, फार बोलतो. काकींनी टॉर्च जवळ आणला. "आधी गोत्र बघ."

आणि खरंच पहिली गोष्ट तीच होती. लिथियम म्हटलं तरी आत घराणी वेगळी. मोबाइलमधलं वेगळं, आणि हे लोह आणि फॉस्फेटवालं वेगळं. शांत स्वभावाचं, लवकर न तापणारं, घरच्या सोलरला बहुधा हेच वापरतात. चार्जर नेमका याच घराण्यासाठी बनवलेला हवा. "लग्नात सगोत्र चालत नाही," मी म्हणालो, "इथे सगोत्रच लागतं."

"कलियुग," काकी म्हणाल्या. "मगे?"

"मग उंची. ही नावाची बारा व्होल्टची, पण पूर्ण भरते तेव्हा चौदा पूर्णांक सहा. चार्जरने तिथे बरोबर थांबायचं. वर गेला तर हिला इजा, खाली थांबला तर ही कायम थोडी उपाशी."

"आणि खातो किती?"

"अँपिअर. ही वीस अँपिअर-अवरची. चिठ्ठीवर लिहिलंय दहापर्यंत झेपेल. पण आपल्याला घाई कुठे आहे? पाचाचा आणू. सावकाश भरेल, जास्त टिकेल."

काकींनी विचार केला. "आणि तो मंडळाचो पैलवान कित्याक नाय चालाचो?"

हे समजावताना मला फार मजा आली, म्हणून मी उभा राहिलो. जुना चार्जर हा जुन्या जावयासारखा, म्हटलं. भरली तरी उठत नाही. आणखी थोडं, आणखी थोडं, असा रात्रंदिवस थेंब थेंब ओततच राहतो. अ‍ॅसिडच्या बॅटरीला तो पाहुणचार आवडतो. हिला नको. हिला भरेपर्यंत द्यायचं आणि हात जोडून बाजूला व्हायचं.

"म्हणजे पिंप भरलां की नळ बंद."

"बरोबर."

"ह्यां एवढां सांगूक इतको नाच?"

मी बसलो. शेवटची गोष्ट राहिली होती आणि तीच खरी होती. ही बॅटरी अगदी रिकामी झाली की आतलं रक्षक-यंत्र दार लावून घेतं. बाहेरून मोजलं तर शून्य. मेल्यासारखी. साधा चार्जर शून्य बघतो आणि म्हणतो, इथे बॅटरीच नाही. म्हणून पैलवान लुकलुकून विझला. तेव्हा आपल्याला असा चार्जर हवा की जो बेशुद्ध पडलेलीला आधी हलक्या हाताने जागं करतो आणि मग भरवतो. मी म्हणालो, "प्रश्न एवढाच की ही इतकी तळाला गेली कशी? टॉवरची सावली पडते हे खरंय."

ते खरंच होतं. दक्षिणेला गिरणीच्या जागेवर टॉवर उठलाय आणि दिवाळीनंतर सूर्य खाली झुकला की त्याची सावली दुपारभर आमच्या पॅनेलवर झोपते. पण सावली काही फक्त एका आठवड्याआड पडत नाही. आणि मला आता आठवत होतं, की माझ्या पाळीच्या आठवड्यात दिवे सकाळपर्यंत टिकायचे आणि काकींच्या पाळीला पहाटे मिणमिणायचे.

"काकी," मी जपून विचारलं, "तुमच्या पाळीला सकाळी दिवा बंद करता ना?"

"नाय."

"नाही?"

"सकाळीक कसो बंद करूचो? आधी कालची वीज संपाक होयी ना. ती जळान जावक दितंय. मगे ताजी भरता." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आंघोळ न करता पूजेला बसलो होतो. "शिळी वीज ठेवतत काय कोण घरात?"

मी त्यांच्या दाराकडे बघितलं. दारातल्या पिंपावर तांब्याची कळशी पालथी होती. गेली साठ वर्षं पहाटे पाणी येतं, काकी आदल्या दिवशीचं पाणी तुळशीला, मोरीला, गॅलरीला ओततात, कळशी चिंचेने घासतात आणि ताजं भरतात. दुष्काळातही भरतील. कालचं पाणी पिण्याचं नाही, हा त्यांचा धर्म आहे. आणि त्याच निष्ठेने, पाटी दारावर असेल त्या प्रत्येक आठवड्यात, त्यांनी बॅटरीतली कालची वीज दिवसाढवळ्या जाळून ओतून टाकली होती. ताज्या विजेला जागा व्हावी म्हणून. सावलीतलं पॅनेल बिचारं जेमतेम भरत होतं आणि काकी स्वच्छतेने रिकामं करत होत्या.

मला हसू फुटलं. मग ते तोंडातच राहिलं. ज्या दिव्यावर त्यांचं इथं राहणं ठरलं होतं तो त्यांच्याच हाताने विझला होता आणि त्या टॉर्च धरून माझ्याकडे बघत होत्या, निरागसपणे, पुढचं काय म्हणून.

"काकी," मी म्हणालो, "ही वीज पाण्यासारखी नाही. लोणच्यासारखी आहे."

"म्हणजे?"

"शिळी होत नाही. बरणी रोज ओतून कुणी घासतं का? वरून घ्यायचं, वरून भरायचं. तळ मात्र दिसू द्यायचा नाही."

काकींनी टॉर्च बॅटरीवर फिरवला. "लोणच्यासारखी," त्या म्हणाल्या. "ह्यां आधी सांगूचां ना." टॉर्च बंद करून त्या उठल्या, आणि त्यांच्या चालण्यावरून मला कळलं की उरलेलं त्यांना कळलंय. त्या संध्याकाळी ताट आलं पण प्रश्न आला नाही. मी पंखवालीच्या आईचा पुढचा किस्सा सुरू केला. त्या "हूं" म्हणाल्या नाहीत. "पुरे झालां" सुद्धा म्हणाल्या नाहीत. मीच मध्ये थांबलो.

शनिवारी मी लॅमिंग्टन रोडच्या त्या दुकानात पुन्हा उभा राहिलो आणि हात जोडून, खड्या आवाजात, पत्रिका म्हणून दाखवली. लोह-फॉस्फेट घराणं, बॅटरी बारा व्होल्टची, भरण चौदा पूर्णांक सहाला थांबणारं, पाच अँपिअर, भरल्यावर पूर्ण बंद होणारा, शून्यावरून जागं करणारा. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"बस, बस," दुकानदार म्हणाले. "चार्जर घ्यायचाय का लग्न लावायचंय?"

"दोन्ही."

त्यांनी तीन डबे काढले. पहिल्यावर आकडा वेगळा होता. दुसऱ्यावर आकडा बरोबर, पण घराणं मोबाइलवालं. तिसरा सगळ्यांत लहान, बापुडवाणा, पण चिठ्ठी जुळली. मी तीनदा वाचली. "चालेल ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मुलगा साधा आहे, पण घराणं चांगलं."

रविवारी सकाळी माझ्या खोलीतल्या सॉकेटमधून लांब वायर काढली आणि चिमटे लावले. तुम्ही म्हणाल, मग सरळ त्या वायरीवर बल्बच का नाही टांगला? टांगला असता, पण तो उजळणार माझंच दार. जिना आणि ते टोक अंधारातच, तिथवरच्या वायरी सगळ्या बॅटरीच्या. शिवाय आमच्या खोल्यांचे फ्यूज केव्हा डोळे मिटतील नेम नाही.

बटण दाबलं. चार्जरचा दिवा लुकलुकला. एकदा. दोनदा. काकी देवासमोर हात जोडायला आत गेल्या नाहीत. कठड्याला टेकून खाली रस्त्याकडे बघत होत्या, जणू त्यांचा काही संबंध नाही. लुकलुक बराच वेळ चालली. मग दिवा लाल झाला आणि तसाच राहिला.

"काकी! शुद्धीवर आली!"

"वरडा नको," त्या म्हणाल्या. पण वळल्या. आणि थोड्या वेळाने मी बघतो तर चार्जरवर क्रोशाचं झाकण. मिक्सरचं काढून याला घातलेलं. मला ते काढावं लागलं, तो तापतो, त्याला वारा लागतो म्हणून समजावलं. काकींनी झाकण घडी करून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं, भरून झाल्यावर घालायला.

दुपारभर मी कामं शोधत राहिलो. मी कधी घालत नाही त्या टायला इस्त्री केली. मनात भाषण रचलं. मुलाला उद्देशून, अत्यंत परिणामकारक. त्यात आईचं मूळ, मातीचं मूळ, झाडाचं मूळ असं तीनदा मूळ येत होतं आणि शेवटी मी हात उंचावून दिव्याकडे बोट दाखवणार होतो.

उन्हं गेली. चार्जरचा लाल दिवा हिरवा झाला आणि तो आपणहून गप्प बसला, जावयासारखा नव्हे, पाहुण्यासारखा. मी बटण लावलं. जिना उजळला, गॅलरी उजळली, टोक उजळलं. कुलपं चमकली. उजेड पडल्यावर कुलपं जास्त दिसतात, हे मला आधी सुचलं नव्हतं.

मुलगा जिन्यातूनच ओरडला, "अरे हिरो! बत्ती आहे वाटतं!" हातात मोठी रिकामी बॅग होती. ती त्याने भिंतीला टेकवली. कपाटात वाकून बघितलं, चार्जर बघितला, माझ्या खोलीतून आलेली वायर बघितली, हळूहळू तिच्यामागे माझ्या दारापर्यंत गेला आणि परत आला.

"मानलं रे तुला," तो म्हणाला. "नवीन आणलास?"

"सगोत्र आहे," मी म्हणालो.

"बंद का पडली होती?"

मी काकींकडे बघितलं नाही. "टॉवरची सावली," मी म्हणालो. "हिवाळ्यात पडते."

तो उंबऱ्यावर बसला, मी बसतो त्याच जागी. काकींनी चहा दिला. मी आयुष्यात एवढा वेळ गप्प राहिल्याचं मला आठवत नाही. भाषणातली तिन्ही मुळं तशीच राहिली. मग काकी उठल्या. रविवारची दिवेलागण झाली होती. त्यांनी आपल्या दारावरची पाटी काढली, पदराने पुसली, चार कुलपं ओलांडून माझ्या दारापर्यंत गेल्या आणि खिळ्याला अडकवली. परत येताना कठडा धरून आल्या, दिवा असूनही.

मुलाने ते सगळं बघितलं. चहाचा कप खाली ठेवला. "आई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चढेलपणा अजिबात नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "दिवा आहे, मान्य. माझा शब्द मी मोडणार नाही. पण त्याच्या घरची वायर खेचून किती दिवस? दोन माणसांत किती वेळा फिरवणार ती पाटी? आता राहू दे ती तिथेच, त्याच्या दारावर. तू चल ना. मी विचारतोय, सांगत नाहीये."

मी दिव्याकडे बोट दाखवायला हात उचलला तो अर्ध्यावर राहिला.

काकी बॅगेकडे बघत होत्या. मग माझ्याकडे. कपाळाला आठ्या घालून, माझे कान किटवतोस म्हणताना घालतात त्याच आठ्या. आणि एकदम, सबंध रिकाम्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, त्या मुलावर खेकसल्या:

"अरे, मी गेलंय तर ह्येची बडबड कोण ऐकतलो?"